आजोळी पंचेचाळीस दिवस: आन्दोंगचा उन्हाळा

आई कोरियन, बाबा मराठी, बिऱ्हाड पुण्यात आणि मुलांचं आजोळ दक्षिण कोरियातल्या आन्दोंगजवळच्या खेड्यात. रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कारखान्यांमुळे अशी जोडपी आता फार नवलाची राहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी ही रोजनिशी, २०२६ च्या पंचांगावर बेतलेली. रोज काहीतरी 'बघायला' जायचं असेल तर सोल-बुसानची सहल केलेली बरी. आजोळी जायचं तर दिवस घरच्या कामांवर बेतायचे: जेसा म्हणजे श्राद्ध, मिरचीची तोडणी, थडग्यांवरचं गवत काढणं. स्थळदर्शन उरलेल्या वेळात.

पहिली अडचण तारखांची. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्यात संपते; कोरियन शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात लागते. मे महिन्यात गेलात तर भातलावणी दिसेल, पण मामा-मावशीची मुलं शाळेत असतील. म्हणून ही रोजनिशी ११ जुलै ते २४ ऑगस्टची आहे. शेवटचा रविवार का गाठायचा ते पुढे येईलच.

दुसरी अडचण कागदांची. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो आणि नातं दाखवायला आजोळच्या कुटुंबाचा नातेसंबंध-दाखला लागतो. तो मामाने तिकडच्या कार्यालयातून काढून पाठवायचा. १४ जून १९९८ पासून, आई किंवा वडील यांपैकी कुणीही कोरियन नागरिक असेल तर मूल जन्मतःच कोरियन नागरिक धरलं जातं. मुलगा असेल तर १८ वर्षं पूर्ण होणाऱ्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते नागरिकत्व सोडायचं की नाही हे ठरवावं लागतं, नाहीतर सक्तीच्या लष्करी सेवेचा प्रश्न मागे लागतो. पर्यटक व्हिसाचा अर्ज भरण्याआधी हे दूतावासात विचारून घ्यावं.

दिवस १ (शनिवार, ११ जुलै)

इंचॉन विमानतळावर घड्याळ साडेतीन तास पुढे करायचं. ताजी फळं, बिया, मांस सामानातून नेता येत नाही. हाल्मोनीसाठी (आजीसाठी) हापूसची पेटी न्यायचा मोह आवरा, ती विमानतळावरच काढून घेतील. काजू, चहा चालतो. साबुदाणा आणि शेंगदाण्याचं कूट मात्र जरूर घ्या, २५ जुलैला लागणार आहे.

विमानतळ ते सोल स्टेशन थेट गाडी टर्मिनल १ हून ४३ मिनिटांत जाते. तिथून छंगन्यांग्नी स्टेशन, आणि पुढे आन्दोंगपर्यंत वेगवान रेल्वे, साधारण दोन तास. इथे हमखास गोंधळ होतो: आन्दोंगचं स्टेशन डिसेंबर २०२० मध्ये शहराबाहेर, बस स्थानकाशेजारी हलवलं. जुन्या माहितीवर विसंबून 'स्टेशनसमोरचं' हॉटेल घेतलं की ते कित्येक किलोमीटर लांब निघतं. रस्ते शोधायला तिथले लोक नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप वापरतात, तेच उतरवून घ्या. वीज २२० व्होल्टचीच आहे. दोन गोल पिनांचा चार्जर बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही.

घरी पोचल्यावर चपला उंबऱ्याबाहेर, टोकं दाराकडे. मग आजी-आजोबांना जमिनीवर बसवून मोठा नमस्कार. हात एकमेकांवर ठेवायचे: मुलग्याचा डावा वर, मुलीचा उजवा. आपल्यासारखं पायांना हात लावायला गेलं की आजोबा पाय मागे घेतात. तिथे पायाला स्पर्श करायची रीत नाही. मोठ्यांना पैसे किंवा भेट द्यायची ती दोन्ही हातांनी, पैसे पांढऱ्या पाकिटात.

दिवस २

आजचा दिवस नात्यांच्या शब्दांचा. इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्याला जे महिनोन्महिने छळतं ते मराठी मुलाला अर्ध्या तासात कळतं, कारण 'अंकल-आंटी'चा भोंगळपणा दोन्हीकडे नाही. आत्या ती गोमो, मावशी ती इमो, काका साम्छोन, मामा वेसाम्छोन, मामी वेसुंगमो. वडिलांचे थोरले भाऊ 'क्नाबोजी', म्हणजे अक्षरशः मोठे बाबा. आईकडच्या नात्यांना लागणाऱ्या 'वे' या उपसर्गाचा अर्थ 'बाहेरचा'. आजोळ म्हणजे वेगा, बाहेरचं घर. समोरासमोर मात्र आजीला नुसतं हाल्मोनी म्हणायचं. तोंडावर 'बाहेरची आजी' म्हटलेलं कुणाला आवडेल?

नातं मोजायलाही एकक आहे, छोन. आई-बाप आणि मूल यांच्यात एक छोन, भावंडांत दोन, काका तीन (म्हणून साम्छोन, साम म्हणजे तीन), चुलतभाऊ चार. वरच्या समान पूर्वजापर्यंत चढायचं, पलीकडे उतरायचं, पायऱ्या मोजायच्या.

दिवस ३ आणि ४

जांगमा म्हणजे जूनअखेर ते जुलैअखेरचा पाऊस. कोकणातल्या माणसाला तो पाऊस वाटणारच नाही. दोन दिवस कोसळतो, तीन दिवस नुसती घुसमट. पण डोंगरउतार ढासळतात, ओढे तासाभरात चढतात. त्या वेळी सगळ्यांच्या फोनवर सरकारी इशारा कर्कश आवाजात वाजतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. जाणवणारं तापमान सलग दोन दिवस ३३ अंशांवर जायचं असेल तर उष्म्याची सूचना, ३५ ला इशारा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११२.

कचऱ्याचं आत्ताच शिकून घ्या, नाहीतर मामीला शेजाऱ्यांचं ऐकावं लागतं. पुन्हा वापरात न जाणारा सुका कचरा नगरपालिकेच्या विकतच्या पिशवीतच टाकायचा आणि ती पिशवी त्याच नगरपालिकेची हवी. सोलहून आणलेली आन्दोंगला चालत नाही. उष्टं-खरकटं वेगळं. पण कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, कोंबडीची हाडं त्यात जात नाहीत. जे जनावर खाऊ शकत नाही ते खरकटं नव्हे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

रात्री पंख्याला वेळ लावलेली दिसेल. बंद खोलीत रात्रभर पंखा चालू ठेवला तर माणूस दगावतो अशी जुन्या पिढीची समजूत आहे. वाद घालू नका, खिडकी उघडा. आजीही खूश, हवाही खेळती.

दिवस ५ (१५ जुलै, छोबोक)

उन्हाळ्यात तीन 'बोक' (ऐन उकाड्याचे) दिवस येतात: छोबोक, जुंगबोक, माल्बोक. पहिल्या दोहोंत १० दिवसांचं अंतर, तिसरा कधी १० तर कधी २० दिवसांनी. या वर्षी १४ ऑगस्टला. भर उकाड्यात गरम गरम साम्ग्येथांग खायचं. माणशी एक लहान कोंबडी, ५०० ते ६०० ग्रॅमची. चिकट तांदूळ किमान तासभर भिजवून तीन मोठे चमचे पोटात भरायचा, सोबत जिनसेंगचं एक मूळ, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, दोन-तीन सुके बोर. पाय एकमेकांत अडकवून बांधायचे, कोंबडी बुडेल एवढं पाणी घालून आधी मोठ्या आचेवर अर्धा तास, मग मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं. मीठ ताटात, ज्याचं त्याने. बिघडतं ते एकाच कारणाने: तांदूळ दाबून भरला की फुगून कोंबडी फुटते किंवा मधला दाणा कच्चा राहतो. पोट दोन-तृतीयांशच भरायचं.

शाकाहारी माणसाचे इथे खरे हाल. 'मांस नको' म्हटलं तरी सुक्या मासळीचं पाणी आणि किमचीतली खारवलेली कोळंबी सुटत नाही, कारण त्याला तिथे मांस म्हणतच नाहीत. विचारायचं ते मासळीचं नाव घेऊन. त्यातल्या त्यात खोंगगुक्सू, म्हणजे सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया, हा उन्हाळ्यातला भरवशाचा पदार्थ.

दिवस ८ (हाह्वे)

फुंगसानच्या र्यू घराण्याचं गाव. नाकदोंग नदी त्याला तीन बाजूंनी वळसा घालते, नावाचा अर्थही तोच. २०१० पासून जागतिक वारशात. गावाचा आकार पाण्यावरच्या होडीसारखा मानतात. दगड रचले तर होडी बुडेल म्हणून कुंपणाच्या भिंती मातीच्या. समोरचा बुयोंगदे कडा ६४ मीटर उंच आहे. गावाचा आकार कळायचा तर कड्यावरूनच. सकाळी लवकर जा, बस फार नाहीत, आणि परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा.

मुखवट्यांचा खेळ दुपारी असतो. कोणत्या वारी ते निघण्याआधी पाहा. याचे मूळ मुखवटे कोर्यो काळातले (दहावं ते चौदावं शतक), लाकडी, राष्ट्रीय ठेवा आहेत. यांगबानचा म्हणजे उमरावाचा मुखवटा नीट बघा: हनुवटी वेगळी कोरून दोरीने बांधलेली असते. नटाने मान वर केली की तोंड उघडून तो खदखदा हसतो, मान खाली घातली की ओठ मिटून रागावतो. लाकूड तेच. इमे या भोळसट नोकराला हनुवटीच नाही. कोरणारा ती पुरी करण्याआधीच मेला, असं सांगतात.

दिवस ९ (ब्योंगसान सोवॉन)

र्यू सोंग-न्योंग (१५४२–१६०७) यांच्या स्मरणार्थ असलेली पाठशाळा. जपानी आक्रमणाच्या काळात ते मुख्यमंत्री होते. २०१९ मध्ये अशा नऊ पाठशाळा जागतिक वारशात गेल्या, त्यांतली ही एक. मांदेरू नावाच्या उघड्या सज्जातून नदी आणि पलीकडचा डोंगर दिसतो. भिंत नाही, नुसते खांब. जुलैअखेरीस अंगणातली बेरोंग झाडं गुलाबी फुलांनी लगडतात. फूल ओळखीचं वाटेल. वाटायलाच हवं, आपल्या तामणाचा हा सख्खा चुलतभाऊ आहे.

दिवस १२ (२२ जुलै, जेसा)

पणजोबांची तिथी. कोरियन चांद्र महिना अमावास्येपासून सुरू होतो, आपल्यासारखाच, फक्त शुद्ध-वद्य न करता सलग ३० पर्यंत मोजतात. त्यामुळे 'सहाव्या महिन्याची ९' म्हटलं की आषाढाचा शुक्ल पक्ष हे मनातल्या मनात कळतं. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. तिकीट काढण्याआधी मामाला या वर्षीची तारीख विचारा.

स्वयंपाक सकाळपासून. लसूण नाही, तिखट नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकाची सवय असलेल्या मराठी सुनेला किंवा जावयाला हे सांगावं लागत नाही. नावाच्या शेवटी 'छी' असलेले मासे (काल्छी, साम्छी, क्कोंग्छी) चालत नाहीत. आन्दोंगकडे उकडलेला अष्टपाद ठेवल्याशिवाय पान पुरं होत नाही. आणि पीच वर्ज्य, त्याला भुतं घाबरतात, मग पूर्वजही यायचे नाहीत. नेमका हाच पीचचा हंगाम असल्याने प्रेमाने पेटी घेऊन येणारा पाहुणा फसतो. पीच दुसऱ्या दिवशी आणा.

मांडणी पाच ओळींची. जिकडे पूर्वजाच्या नावाची पट्टी ती उत्तर मानायची, खरी दिशा काहीही असो. पट्टीजवळच्या ओळीत भात, रस्सा, चमचा, दुसरीत भाजलेलं-तळलेलं, तिसरीत शिजवलेले रस्से, चौथीत भाज्या आणि सुकी मासळी, सर्वांत पुढे फळं. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. माशाचं डोकं पूर्वेकडे. भात-रश्श्याच्या जागा जिवंत माणसाच्या पानाच्या उलट. घरोघरी यात फरक असतो, म्हणून पुस्तकात वाचलेलं मामीला शिकवायला जाऊ नये.

पट्टी कागदाची, साधारण २२ सेंटीमीटर लांब, ६ रुंद, चिनी अक्षरांत. पूर्वी विधी मध्यरात्री होत. आता बरीच घरं संध्याकाळी उरकतात, नोकरदारांना परतायचं असतं. उदबत्ती, मद्याचा पेला तीन वेळा, प्रत्येक पेल्यानंतर नमस्कार. पुरुषांचे दोन, बायकांचे चार. मग भातात चमचा उभा खोचतात, दार ओढून सगळे बाहेर थांबतात; पूर्वज जेवतात तेवढा वेळ. खाकरून दार उघडायचं, रस्सा काढून तळाला करपलेल्या भाताचं पाणी ठेवायचं. शेवटी पट्टी जाळतात आणि तेच अन्न सगळे जेवतात. एरवी जेवताना भातात चमचा किंवा काड्या उभ्या खोचू नका असं मुलांना का बजावतात, ते या रात्री न सांगता कळतं.

मुलांना काम द्या: पेला दोन्ही हातांनी पुढे करायचा. नुसतं बसवलं तर दहा मिनिटांत पेंगतात.

आन्दोंगच्या हॉटेलांत 'हत्जेसाबाप' मिळतं, म्हणजे खोटं जेसाचं जेवण. श्राद्ध नसतानाही ते जेवायची हुक्की आली म्हणून निघालेला पदार्थ. भातावर भाज्या, वर तिखटाऐवजी सोया सॉस.

दिवस १५ (२५ जुलै)

या वर्षी जुंगबोक आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी. घरात कोंबडी शिजणार आणि बाबांचा उपास. भांडण नको: नव्या हंगामाचे उकडलेले बटाटे, पिवळं छाम्वे खरबूज, कलिंगड, आणि बॅगेतला साबुदाणा. हाल्मोनीला खिचडी आवडते की नाही हे खात्रीने सांगता येणार नाही, पण भिजलेला साबुदाणा बोटांनी चेपून बघायला ती नक्की येते.

दिवस १९

वंशावळीचे खंड काढा. छोक्पो म्हणजे आपला कुलवृत्तांतच. आधी आडनाव, मग बोनग्वान म्हणजे घराण्याचं मूळगाव, मग शाखा, मग पिढी. नुसतं 'किम' म्हणून काही शोधता येत नाही. आन्दोंगचे किम, किम्हेचे किम ही वेगळी घराणी. बोनग्वान गोत्रासारखं वागतं: आडनाव आणि बोनग्वान एकच असेल तर लग्नाला बंदी होती. घटना न्यायालयाने ती १९९७ मध्ये अवैध ठरवली, कायद्यातून २००५ मध्ये गेली. एका पिढीतल्या मुलग्यांच्या नावात एक अक्षर समान असतं, त्यावरून अनोळखी भाऊबंद पिढीने मोठा की धाकटा ते ओळखतात.

सर्वांत जुनी उपलब्ध छोक्पो आन्दोंगच्याच क्वॉन घराण्याची, १४७६ ची. तिच्यात मुलगे-मुली जन्मक्रमाने आहेत आणि लेकींची संततीही आहे. पुढच्या शतकांत लेकीची जागा आक्रसली, जावयाच्या नावापुरती उरली. मजकूर चिनी अक्षरांत असल्याने तरुण मामेभावांनाही वाचता येत नाही. आजोबा बोटाने दाखवतील ते पान, आधीचं आणि नंतरचं, अशी तीन पानांची छायाचित्रं काढा, आणि आजोबा वाचतात तो आवाज मुद्रित करून ठेवा.

दिवस २३

आन्दोंग धरण, १९७६ चं. पाण्याखाली गेलेल्या गावांतली काही जुनी घरं आधीच उचलून वर बांधली. कोयना-उजनीचे धरणग्रस्त ज्याच्या ओळखीत आहेत त्याला इथे वेगळं काही समजावायला नको. मूळगाव विचारलं की म्हातारी माणसं तलावाकडे हात करतात. जवळचा वॉल्योंग लाकडी पूल ३८७ मीटर लांब, संध्याकाळी जा. तोसान सोवॉन याच बाजूला. १००० वॉनच्या नोटेवरचे ते थ्वेग्ये, म्हणजे यी ह्वांग (१५०१–१५७०). दुपारी तिथे जाऊ नका, एवढीच सूचना.

दिवस २७ ते ३३ (मिरची)

ऑगस्टचा पहिला पंधरवडा म्हणजे पहिली तोडणी. आपल्याकडे वर्षाचं तिखट चैत्र-वैशाखात होतं, इथे ऑगस्टमध्ये. पहाटे ५ ला शेतात, ९ ला बाहेर. पूर्ण लाल झालेलीच घ्यायची, देठ धरून वर उचलायची. खाली ओढली की फांदी तुटते आणि पुढच्या तोडण्या जातात. धुऊन सावलीत एक-दोन दिवस मऊ पडू द्यायची, मग वाळवण. यंत्रात साधारण ५५ ते ६० अंशांवर दोन दिवस. नुसत्या उन्हात दहा दिवसांहून जास्त. सावलीत न ठेवता थेट कडक उन्हात टाकली की सालावर पांढरे डाग पडतात, त्या मिरचीला 'हिनारी' म्हणतात आणि भाव पडतो. जांगमा लांबला तर झाडावरच करपा येतो. सुकी मिरची 'कन'वर विकतात, मिरचीचा एक कन ६०० ग्रॅमचा.

मुलांना हातमोजे द्या आणि डोळ्यांना हात लावू नका हे दर पाच मिनिटांनी सांगा. ते लावतातच. भरपूर साध्या पाण्याने धुवा.

दिवस ३६ (१५ ऑगस्ट)

दोन्ही देशांचा स्वातंत्र्यदिन. कोरियाचा १९४५ चा, आपला १९४७ चा. आज इम्छोंगगाक बघा. यी सांग-न्योंग (१८५८–१९३२) यांचं घर, जपानी राजवटीविरुद्ध परदेशात स्थापलेल्या कोरियन हंगामी सरकारचे ते पहिले गुक्मुर्योंग (त्या पदनामाचे पहिले प्रमुख). १९११ मध्ये मांचुरियाला जाताना त्यांनी पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पट्ट्या जमिनीत पुरल्या. जेसा बघितलेल्या मुलाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पुढे जपान्यांनी वाड्याच्या अंगणातून रेल्वे नेली. स्टेशन हललं तेव्हा रूळ उखडले गेले.

दिवस ४४ (रविवार, २३ ऑगस्ट, बॉल्छो)

छुसक, म्हणजे पिकाचा आणि पूर्वजांचा सण, या वर्षी २५ सप्टेंबरला आहे. त्याआधी डोंगरावरच्या थडग्यांचं गवत काढतात. लवकर काढलं तर सणापर्यंत पुन्हा वाढतं, म्हणून छसो (उकाडा ओसरल्याची खूण मानलेला पंचांगातला दिवस) लागल्यावरच. आणि या वर्षी छसो नेमका आजच. छसो गेला की डासाचंही तोंड वाकडं होतं अशी म्हण आहे. शहरातले भाऊबंद रविवारीच येऊ शकतात, म्हणून परतीचं तिकीट २४ चं.

पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली. गवतातल्या गोचिडीच्या चाव्याने जिवावरचा ताप येतो. मशीन सुरू करण्याआधी लांब काठीने गवत ठोकायचं, मातीची ढेकळं टाकून बघायची: गांधीलमाश्या जमिनीतही घर करतात आणि मशीनच्या आवाजाने उठतात. माश्या निघाल्या तर झटकत बसायचं नाही, पळायचं, किमान २० मीटर. मशीन चालवणाऱ्यापासून बाकीचे १५ मीटर लांब, पातं दगडाला लागलं की खडा गोळीसारखा उडतो. शिळेजवळ पातं काढून नायलॉनची दोरी लावतात. मुलांचं काम दाताळ्याने गवत ओढायचं.

थडग्याचा मातीचा घुमट स्वच्छ झाला की पुढ्यात सुकी मासळी, फळं, मद्य. दोन नमस्कार. उरलेली माक्कोली (तांदळाची दारू) थडग्याभोवती ओततात आणि तिथेच बसून किम्बाप (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात) खातात.

दिवस ४५

मिरचीपूड बॅगेच्या तळाशी, दोन पिशव्यांत घालून, तोंड चिकटपट्टीने बंद. किमची हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर ती द्रवात धरून अडवतात. चेक-इनच्या सामानात, डब्यात थोडी जागा सोडून, कारण ती वाटेतही फुगते.